धडा अकरावा : रन

उत्तमनगरला मेडिकलच्या वर, जिन्यात चपला काढून
आम्ही सातजण इंग्रजी शिकतो, रात्री साडेआठला,
सेकंड शिफ्ट नसेल त्या आठवड्यात.
नेरकर मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या.
आज फळ्यावर एकच शब्द : रन.
मी म्हटलं, हा येतो. पळणे. झालं.

मॅडम हसल्या. लिहून घ्या, म्हणाल्या.

मशीन रन होतं. दुकान रन होतं.
बस रन होते, सिडको ते नाशिकरोड.
नळ रन होतो, नाकही,
अंगातला तापसुद्धा.
मी वहीत उजव्या बाजूला मराठी लिहीत गेलो
आणि मधेच पेन थांबलं :
यांच्याकडे जे जे पळतं
ते आपल्याकडे बहुतेक चालतं.
अंबडला माझं मशीन बावीस वर्षं चालतंय.
बायकोचं पिको-फॉलचं दुकान चालतं, म्हणजे बरं चालतं.
घड्याळ चालतं, घर चालतं,
आणि जे चालत नाही
ते "चालेल" म्हटलं की चालतं.

गोदा मात्र चालतही नाही, पळतही नाही.
ती वाहते. आणि एप्रिलात
गंगापूरचं आवर्तन सुटेल तेव्हाच.

निवडणुकीला ते लोक पळतात.
आमच्या वॉर्डात उभे राहतात,
म्हणून तर पाच वर्षं हलत नाहीत, रऊफ म्हणाला,
आणि मॅडम फळ्याकडे तोंड करून हसल्या.

रन आउट. मला वाटलं क्रिकेट.
नाही. संपणे. साखर संपते, पेट्रोल संपतं,
ऑर्डर संपते.
यावर कोणी हसलं नाही.
आमच्या लाइनला सोमवारपासून काम नाही.

मग मॅडमनी लिहिलं : रन अवे.
पळून जाणे.
अख्ख्या धड्यात एवढ्या एका जागी
दोन्ही भाषा बरोबरीने पळाल्या.

आमची सिंधू पळून गेली, अठ्ठ्याऐंशी साली.
पंचवटीत सगळे असंच म्हणायचे,
वडील तर मरेपर्यंत. नाव न घेता,
नुसतं क्रियापद : पळाली.

मी नऊ वर्षांचा होतो. पिशवी माझ्या हातात होती.
पंचवटी कारंजावरून निघालो, चांगलं उजाडल्यावर.
होळकर पुलावर ती थांबली, खाली बघत राहिली,
घाटावर कोणाच्या तरी गोधड्या वाळत होत्या.
रविवार कारंजाला तिच्या चपलेचा अंगठा तुटला.
चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी पोत्यावर बसली,
टाका पडेपर्यंत,
चार आण्यांवरून घासाघीस केली.
मला पेरू घेऊन दिला, तिखट-मीठ लावून.
मेहेरला रस्ता ओलांडताना माझं बोट धरलं.
सीबीएसला सुरतची गाडी लागायची होती,
अर्धा तास आम्ही गावांच्या पाट्या वाचत बसलो.
तिला माझ्यापेक्षा जास्त वाचता आल्या.

पळणारं माणूस
चप्पल शिवून घेत नाही.

हे मी घरी कधी सांगितलं नाही.
पिशवी कोणी नेली, असं विचारलं तेव्हा
पेरू कधीच संपला होता
तरी तोंड भरलेलं होतं.

पान उलटून बघितलं.
रन इनटू : अचानक गाठ पडणे.
मॅडम म्हणाल्या, ते उद्या. आता एकेक वाक्य लिहा.

रऊफचा चोर पळाला. दुसऱ्या कोणाचा कुत्रा.
मी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
शेवटी उरलं ते :
माय सिस्टर वॉक्ड.

मॅडमनी वही जवळ घेतली,
वॉक्डखाली लाल रेघ मारली.
स्पेलिंग बरोबर आहे, म्हणाल्या,
पण काका, आज रन चालू आहे ना.